पळसाला पानं तीनच

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी मी टोकियोत होतो. क्लायंटकडे सहा आठवड्यांचं काम होतं. तिथल्या टीममधले लोक आमच्या रिलीजपेक्षा जास्त गंभीरपणे एकच गोष्ट ट्रॅक करत होते, साकुरा कधी फुलणार. मला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. मग कळलं की तिकडच्या हवामान खात्याचं यासुकुनी मंदिराच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. खात्याची माणसं तिथे जाऊन फुलं मोजतात. पाच-सहा उमलली की टोकियोत बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं, आणि ती टीव्हीवरची मोठी बातमी असते.

त्या शनिवारी टीमसोबत उएनो पार्कात गेलो. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या, डबे, बिअर, लहान मुलं, म्हातारी माणसं. कुणीतरी हातात साकुरामोची ठेवली. गुलाबी चिकट भाताचा गोळा, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण, बाहेर चेरीचं खारवलेलं पान. पुरण लागल्यावर खान्देशी माणसाला खापरावरची पुरणपोळी आठवणारच. शेजारच्यानं सांगितलं की ही बहुतेक झाडं सोमेइ-योशिनो जातीची, सगळी कलमानं वाढवलेली, म्हणजे एकाच झाडाच्या कॉप्या. म्हणूनच सगळी एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदम झडतात.

घरच्या ग्रुपवर मी बेचाळीस फोटो टाकले. आईनं हात जोडलेले इमोजी पाठवले. आप्पांनी छोटीशी व्हॉइस नोट पाठवली, ‘बेस शे भाऊ. आठे बी पयस फुलना.’

पयस म्हणजे पळस. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो.

खोलीवर परतल्यावर ती नोट मी पुन्हा ऐकली. जळगावला इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, धुळे-जळगाव एसटीनं शेकडो वेळा गेलो. पळस फुललेला कधी थांबून पाहिलाय का, हे मला आठवेना. आपल्याकडे म्हणसुद्धा पानांवर आहे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. पत्रावळ आणि द्रोण लावणाऱ्या माणसांनी पान बरोबर मोजलं. पण फाल्गुनात ऐन बहरात त्या झाडावर बहुधा एकही पान नसतं, हे म्हणीत कुठेच नाही.

आप्पा एकतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. त्यातली बरीच वर्षं धुळे-शिरपूर-सेंधवा. मी फोनवर विचारलं, ‘तुम्ही कधी गाडी थांबवून पाहिलात का पळस?’ ते हसले. ‘गाडीत पन्नास माणसं असायची. फुलं पाहायला कोण थांबवतं?’

दिवाळीनंतर त्यांचे डोळे तपासले. मधुमेहानं दोन्हीकडचा पडदा खराब झालाय, उजवा जास्त. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली येणार नाही. त्या दिवशी आप्पांनी लायसन्स कपाटात ठेवलं. कुणी सांगावं लागलं नाही.

मित्रांचा क्योटोचा प्लॅन ठरत होता. मी नाही म्हटलं आणि होळीच्या आठवड्यात धुळ्याला आलो.

पहाटे निघालो. मी स्टिअरिंगवर, आप्पा डाव्या सीटवर. सोनगीरपर्यंत त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. सावळद्याला तापी ओलांडली, शिरपूर मागे पडलं. हाडाखेड सोडल्यावर सातपुडा जवळ आला आणि पळस दिसू लागले. इथे सगळं एकदम फुलत नाही. एक झाड पेटलेलं, शेजारचं अजून काळ्या मखमली कळ्यांवर अडलेलं. बियांतून आलेली झाडं, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं.

पळासनेरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. ज्या गावाच्या नावातच पळस आहे, तिथून आप्पा हजारो वेळा गेले असतील.

ते झाडाखाली उभे राहिले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.

‘लाल शे ना?’

‘केशरी आहे, आप्पा.’

खाली पडलेलं एक फूल मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. पोपटाच्या चोचीसारखी पाकळी त्यांनी अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, ‘पुढच्या वळणावर एक होता. तो सगळ्यांत आधी फुलायचा. त्याला पाहिलं की मी कंडक्टरला सांगायचो, होळीला आता महिना राहिला.’

म्हणजे त्यांचंही एक झाड होतं. चालत्या गाडीतून, आरशाकडे नजर टाकता टाकता त्यांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आम्ही त्या वळणावर गेलो. रस्ता रुंद करताना ते झाड गेलं होतं.

थोडं पुढे एका मोहाखाली एक पावरा आजी फुलं वेचत होती. मोह नुकताच गळू लागला होता. ही फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप पडतात, म्हणून वेचणाऱ्यांना उजाडायच्या आत यावं लागतं. तिनं मूठभर हातावर ठेवली. फिकट पिवळी, रसाळ, द्राक्षासारखी दिसणारी, पण गोडीला एक उग्र वास. आप्पांनी दोन खाल्ली आणि म्हणाले, ‘तुझ्या आईला सांगू नको.’ येताना शिरपूरच्या बाजारात होळीचे साखरेचे हार-कडे घेतले. त्यांना ते खाता येणार नव्हते. त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला, एकोणतीस वर्षांच्या घोड्याच्या.

निघण्याआधी आम्ही नवीन झाड निवडलं. रस्त्यापासून जरा आत आहे, म्हणजे टिकेल. मी मॅपवर पिन टाकली, आप्पांनी बुंध्याला हात लावून घेतला. त्यांचा जुना कंडक्टर अजून त्याच रूटवर आहे. पुढच्या वर्षी पाच-सहा फुलं दिसली की त्यानं आप्पांना फोन करायचा आणि आप्पांनी मला, असं ठरलंय.