गल्लीच्या तोंडाशी

आमची वस्ती घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या खाडीकडच्या अंगाला आहे. हा महामार्ग शीवपासून ठाण्यापर्यंत सुमारे २४ किलोमीटर जातो. त्यातला आमच्या रोजच्या जगण्याशी संबंध असलेला भाग एवढाच : उड्डाणपुलाखालचा एक चौक. स्टेशन, बाजार, राजावाडी रुग्णालय, बायांची धुण्याभांड्याची कामे, सारे पलीकडे. घरटी प्रत्येक माणूस दिवसातून निदान दोनदा हा चौक ओलांडतो. धुण्याभांड्याला जाणारी बाई चारदा ओलांडते.

गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीला वळणाऱ्या टेम्पोने धडक दिली. पाय मोडला, जीव वाचला. त्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातून कोणी उठले नाही. आतापर्यंत प्रत्येक घर आपापल्या पोराला "जपून जा" एवढे सांगून दारातून निरोप देत होते. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून विचारले, पोराने आणखी किती जपायचे?

पोरांचे म्हणणे सरळ होते. रात्रीतून सिमेंट आणायचे आणि गतिरोधक घालायचा, कोणाला विचारायचे नाही. यावर बराच वेळ गेला. रिक्षा चालवणाऱ्या दोघा दादांनी समजावले की असा हाताने घातलेला उंचवटा अंधारात दिसत नाही, दुचाकीवाला पडतो, आणि गरोदर बाईला रिक्षातून दवाखान्यात नेताना काय होते ते आम्हाला विचारा. गतिरोधकालाही माप असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर हवी. मोठी वाट सोडून, लहान रस्ता मोठ्याला मिळतो तिथे लहान रस्त्यावर तो घालावा, आधी फलक लावावा, वर पट्टे मारावेत. एवढा रुंद गतिरोधक आपल्या गल्लीबोळात कोणी पाहिला आहे काय? आपल्याकडे असतात त्या उकिरड्यासारख्या ढिगाऱ्या.

दुसरी मागणी पादचारी पुलाची होती. ती ऐकून मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाबांनो, गुडघ्याचं काय करू? आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोण चढंल?" खरे आहे. गाड्या सपाटीवरून जाणार आणि माणसाने दोन मजले चढून उतरायचे, हा न्याय कोणी ठरवला? ज्याच्याकडे इंजिन आहे त्याने चढावे. छेडा नगरच्या चौकात २०२२-२३ मध्ये तीन नवे उड्डाणपूल खुले झाले, त्यांनी गाड्यांची रांग उचलून वर नेली. पायी माणूस खालीच राहिला, आणि खालचा प्रश्नही.

शेवटी ठरले की आधी मोजायचे. चार बाया आणि कॉलेजची दोन पोरे मोबाइलचे घड्याळ घेऊन चौकात उभी राहिली. हिशेब असा. वाहनाची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची. चार मार्गिका म्हणजे चौदा मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे अभियंते धरतात, म्हणजे बारा सेकंद लागतात. आजीबाई, किंवा कडेवर लेकरू आणि हातात डबा घेतलेली बाई ०.८ मीटरने चालते. तिला साडेसतरा सेकंद लागतात. आमच्या सिग्नलचा हिरवा माणूस दहा सेकंद दिसत होता. याचा अर्थ, नियम पाळूनही मधोमध अडकायचे. त्यात डावीकडे वळणाऱ्याला सिग्नल कधी लाल होतच नव्हता.

हा कागद घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेब बोलायला चांगले होते. पाणी दिले, खुर्ची दिली. म्हणाले, "ताई, तुमची तक्रार रास्त आहे. पण ही जागा ब्लॅक स्पॉटमध्ये बसत नाही." आम्ही विचारले, ब्लॅक स्पॉट म्हणजे काय? त्यांनी सांगितले ते बाहेर आल्यावर आम्ही ताडून पाहिले, तर बरोबर निघाले. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमेचे पाच अपघात व्हावेत, किंवा तीन वर्षांत दहा माणसे दगावावीत, तेव्हा तो काळा डाग धरला जातो. आमच्यातली एक ताई तिथल्या तिथे म्हणाली, "साहेब, म्हणजे अजून किती लेकरं द्यायची ते सांगा, आम्ही यादी करून ठेवतो." साहेब खाली पाहू लागले. त्यांच्यावर राग नाही. व्याख्या त्यांनी लिहिलेली नाही, आणि पैसा आधी कुठे खर्चावा हे ठरवायला काहीतरी मोजमाप लागतेच. पण मोजमाप प्रेतांचेच का असावे? जिथे गाडी घासून जाते, माणूस उडी मारून वाचतो, ते कुठल्याच रजिस्टरात येत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. वाचलेल्यांचा आकडा कोणी ठेवत नाही.

दुसरा घोळ मालकीचा. हा महामार्ग आधी एका खात्याकडे, मग एमएमआरडीएकडे, आणि २०२२ साली मुंबई महानगरपालिकेकडे आला. सिग्नलचा खांब महापालिकेचा, पण तो किती वेळ हिरवा ठेवायचा यात वाहतूक पोलिसांचा शब्द. पट्टे एका खात्याचे, दिवे दुसऱ्याचे. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात गाऱ्हाणे घेऊन जायला हक्काचा दरवाजाच नव्हता. जागा कोणाची आणि जबाबदारी कोणाची हा खेळ किती महाग पडतो हे घाटकोपरकरांना सांगायला नको. १३ मे २०२४ रोजी वादळी पावसात छेडा नगरला पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसे मेली. नंतर कळले की जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, आणि महापालिका म्हणते आमची परवानगीच नव्हती.

आम्ही मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. २००५ चा कायदा, दहा रुपयांचे तिकीट, उत्तराला तीस दिवस. फार शिकलेले माणूस लागत नाही. बारावी नापास पोरीने लिहिला. प्रश्न चारच विचारले : या चौकाची देखभाल कोणाकडे, सिग्नलची वेळ कोणी व केव्हा ठरवली, पट्टे शेवटचे केव्हा मारले, आणि तीन वर्षांत नोंदलेले अपघात किती. वाचकांना आमचे सांगणे आहे की अर्जात गाऱ्हाणे लिहू नका, प्रश्न लिहा. गाऱ्हाण्याला "नोंद घेतली" असे उत्तर येते. प्रश्नाला खात्याचे नाव द्यावे लागते, आणि एकदा नाव आले की पुढचा अर्ज कुठे न्यायचा ते कळते.

अर्जाच्या शेवटी संविधानाचे कलम १५ घालावे की नाही यावर वाद झाला. एक काका म्हणाले, अपघाताचा आणि त्याचा काय संबंध? पण त्या कलमाचा दुसरा भाग वाचून पाहा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्याच रांगेत सरकारी पैशाने राखलेल्या रस्त्यांचे नाव तिथे आहे. त्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाला आडकाठी करता येणार नाही असे ते सांगते. महाडला १९२७ साली माणसे पाण्यासाठी चालली, तशी त्याआधी १९२४ साली केरळात वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून माणसांनी सत्याग्रह केला होता. आमच्या चौकात जात विचारून कोणी अडवत नाही, हे मान्य. म्हणून ते कलम अर्जात घातले नाही. त्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ मधला आदेश घातला. अडथळा नसलेला पदपथ हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. कलम १५ मात्र विहाराच्या फळ्यावर आठवडाभर लिहून ठेवले. पोरांनी वाचले.

परदेशातली एक गोष्ट त्या बैठकीत कॉलेजच्या पोराने सांगितली, ती बायांना फार आवडली. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेच्या वर मुले होती. ॲमस्टरडॅमच्या डे पाइप या कामगारवस्तीतल्या मुलांनी आपला रस्ता खेळायला मोकळा मागितला आणि १९७२ साली तो स्वतःच अडवला. एका पत्रकाराची लेक अशीच अपघातात गेली. त्याने लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यावरून "बालहत्या थांबवा" ही चळवळच उभी राहिली. आज तिथली पोरे सायकलवर शाळेत जातात. तो देश काही जन्मतः शहाणा नव्हता. आयांनी रस्त्यावर बसून त्याला शहाणे केले.

आमच्याकडे रस्त्यावर बसायची वेळ आली नाही. तीस दिवसांनी उत्तर आले, त्यानंतर दोन खात्यांची मिळून पाहणी झाली. पाहणीला आम्ही मुद्दाम सकाळची सातची वेळ मागितली. दुपारी अकराला साहेब आले असते तर त्यांना मोकळा रस्ता दिसला असता. त्या सकाळी त्यांनी स्वतः दहा सेकंदांत ओलांडून पाहिले, हातात फाइल असताना. त्यानंतर हिरवा माणूस अठरा सेकंदांचा झाला. पांढरे पट्टे नव्याने मारले, गाड्या थांबण्याची रेघ पट्ट्यांपासून मागे नेली. डावीकडे वळणाऱ्यांसाठी मात्र काहीच झाले नाही.

एक काम आमच्याच हातातले होते आणि तेच सर्वांत अवघड गेले. कोपऱ्यावर भाजीची हातगाडी उभी असते. तिच्यामुळे वळणाऱ्या गाडीला गल्लीतून येणारे लहान पोर दिसत नाही. पाहणीच्या वेळी साहेबांनी सहज म्हटले, "ही गाडी उचलून टाकू." तो भाऊ आमच्यातलाच; चार तोंडे त्या गाडीवर जगतात. आम्ही ऐकले नाही. पंधरा पावले आत, दवाखान्याच्या भिंतीला लागून त्याला जागा करून दिली. पहिले पंधरा दिवस त्याचा धंदा बसला. मग बायांनी ठरवून त्याच्याकडूनच भाजी घेतली, आणि गिऱ्हाईक नव्या जागेला सरावले. तीन रिक्षांची रांगही तशीच आत सरकवली. चौदा एप्रिलचा फलक यंदा मंडळाच्या पोरांनी कोपरा सोडून वर, दोन खांबांमध्ये उंच बांधला. एकमेकांशी बोलून जागा बदलता येते, हे कुठल्या अभियंत्याच्या पुस्तकात नसेल.

पट्टे एका पावसाळ्यात पुसट झाले. ज्या मुलीचा पाय मोडला होता ती आता आठवीत आहे, थोडी लंगडते, आणि चौक ओलांडताना अजून आईचा हात सोडत नाही. डावीकडच्या वळणाला वेगळा लाल दिवा हवा म्हणून दुसरा अर्ज तयार आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर सह्या घेणार आहोत. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड आणलेला आहे.