नखानं नापास

टेस्टरनं पास केलेला जॉब नखानं नापास झाला, याचा राग अजून जात नाही.

भोसरीत आमचं छोटं वेल्डिंगचं शॉप. रोबोच्या हातात मिगची टॉर्च, १.२ मिमीची तार. सोऱ्यातून चकली पाडावी तसे वेल्डचे रनवर रन घालत वस्तू उभी करायची. एका जुन्या प्रेसचा बिडाचा ब्रॅकेट तुटला होता, पॅटर्न कधीच हरवलेला. आम्ही तो स्टीलमध्ये चार दिवसांत उभा केला. बोल्टच्या तोंडांवर ३ मिमी जादा ठेवून मिलिंग केलं. बाजूच्या भिंती तशाच सोडल्या; त्या कशाला टेकणारच नव्हत्या.

ड्रॉइंगवर मात्र ओतकामाच्या काळातली सरसकट टीप : आरए १२.५ मायक्रॉन. इन्स्पेक्टरसाहेबांनी खरबरीतपणा मोजायचा टेस्टर रनच्या दिशेनं फिरवला. ९ आलं. मग थरांना आडवा फिरवला, तर रेंजबाहेर. येणारच! उंचवटा ते खाच अर्धा मिलिमीटर. हातातल्या टेस्टरची सुई तेवढी वरखाली होत नाही. शिवाय आरए म्हणजे बारीक खरबरीतपणा. थरांची लाट ही वेगळी गोष्ट, ती वेगळी मोजतात, आणि ड्रॉइंगवर लाटेबद्दल अक्षर नव्हतं. मी हे सांगत राहिलो. साहेब ऐकत होते आणि अंगठ्याचं नख भिंतीवरून खालीवर फिरवत होते. कर्र, कर्र.

"अहो, हे अडकतंय."

आकड्याशी भांडता येतं. नखाशी कसं भांडणार?

ॲमस्टरडॅमच्या कालव्यावर असाच तारेच्या वेल्डिंगनं बनवलेला १२ मीटरचा स्टेनलेसचा पूल २०२१ साली खुला झाला, उद्घाटनाला राणी आली. तिथे रन उघडे दिसायचे, त्याचंच कौतुक झालं. असो. ते ॲमस्टरडॅम.

खरं तर नख अडकलं तिथे घोळ माझाच होता. थर चढतील तसा जॉब तापतो. मध्ये थांबून तो १५० अंशांखाली येऊ द्यायचा, नाहीतर रन पसरतो. घाईत मीच पोराला म्हणालो, थांबू नको, चालव. तिथून वर भिंतीला पोट सुटलं. हे काम घेणाऱ्यानं मिलिंगचा खर्च कोटेशनमध्येच धरावा. मी धरला नव्हता.

भिंती मिल केल्या. रनवरच्या तपकिरी, काचेसारख्या मळीनं कटरचे दोन इन्सर्ट खाल्ले. एका खाचेत कटर पोचलाच नाही, तिथे काळं राहिलं. जॉब पुन्हा नेला तेव्हा ते साहेब रजेवर होते. दुसऱ्यांनी लांबूनच बघितलं आणि शिक्का मारला. काळ्यासकट.