अर्ध्या मिलिमीटरची कलाकुसर

लाकडी पेन बनवणारे बहुतेकजण ज्या संचाने सुरुवात करतात त्याला स्लिमलाइन म्हणतात. त्यातल्या पितळी नळीचा बाहेरचा व्यास साधारण 7 मिलिमीटर. लाकडाच्या चौकोनी ठोकळ्याला लांबीतून भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची आणि लेथवर लाकूड कातत कातत टोकाशी 8.3 मिलिमीटरच्या आसपास आणायचं. तसं केलं तरच धातूचं टोक आणि लाकूड यांच्यामध्ये बोटाला पायरी लागत नाही. आता वजाबाकी करा आणि दोनाने भागा. टोकाशी लाकूड उरतं अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त. ‘लाकडी पेन’ म्हणून आपण खिशाला लावतो त्यात लाकूड असतं ते एवढंच. जी काही नक्षी, जोडकाम, रंगकाम करायचं ते या जाडीत.

मी नोकरी केली सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये. तिथे मायक्रॉनवरून भांडणं व्हायची. निवृत्तीनंतर मागच्या गॅलरीत लाकडाचा छोटा लेथ मांडला. पेनं करायला लागलो तसा एक फरक रोज जाणवू लागला. पोलादाचा तुकडा संध्याकाळी मोजून ठेवला तर सकाळी तेवढाच भरतो. नाशिकच्या पावसाळ्यात कातलेलं बाभळीचं पेन मात्र एप्रिलमध्ये लांबीच्या रेषेत बारीक तडकतं. कारण सरळ आहे. लाकूड सुकलं की रुंदीत आकसतं, आतली पितळी नळी तसूभरही हलत नाही, आणि मग जिथे जाडी सर्वांत कमी तिथे लाकूड फाटतं. म्हणून ठोकळे कापून, टोकांना मेण लावून, तारीख लिहून मी माळ्यावर टाकतो आणि निदान एक उन्हाळा जाऊ देतो. शिसव या बाबतीत गुणी. चिंचेचा गाभा काळपट जांभळा, दिसायला राजेशाही, पण मिळतो थोडा आणि त्यात भेगा फार. फणस कातताना पिवळाधमक असतो आणि वर्ष-दोन वर्षांत मधासारखा होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं. नाहीतर ‘काका, रंग उतरला’ म्हणून फोन येतो.

हौशी माणसाला चळ लागतो तो नक्षीचा. मलाही लागला. सेल्टिक नॉट नावाचा एक प्रकार आहे. पेनाच्या अंगावर एकमेकांत गुंतलेल्या कड्या दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की या कोरून भरल्यात. कोरलेलं काहीच नसतं. चौकोनी ठोकळ्याला एका बाजूने 45 अंशांत तिरका काप द्यायचा, त्यात दुसऱ्या रंगाच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवायची, ती वाळली की ठोकळा पाव फेरा फिरवून पुन्हा तसाच काप. असं चारही बाजूंनी. गोल दांड्याला तिरकं कापलं की लंबवर्तुळ मिळतं, हे शाळेतल्या भूमितीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इथे चार लंबवर्तुळं चार दिशांनी एकमेकांना छेदतात, म्हणून गाठ दिसते. ठोकळा चौकोनी असेपर्यंत त्यातलं काही कळत नाही. लेथवर कोपरे उडाले की एकदम कड्या उमटतात. तो क्षण मला अजून आवडतो, खोटं कशाला बोलू.

यातली खरी मेख पट्टीच्या जाडीत आहे. करवतीने जेवढं लाकूड खाल्लं, नेमकी तेवढीच पट्टी भरली पाहिजे. जाड झाली तर आधी बसवलेल्या कड्यांचे दोन भाग तेवढ्या अंतराने सरकतात आणि गाठ चुकलेल्या बटणासारखी दिसते. इथे माझं व्हर्नियर कामाला आलं. आधी टाकाऊ लाकडावर काप घ्यायचा, त्याची रुंदी मोजायची, मग पट्टी घासून त्या मापाला आणायची. लाकडाऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी घालूनही पाहिली. चकाकी छान येते, पण दोन भानगडी आहेत. सँडपेपरने घासताना धातू तापतो आणि फेव्हिक्विकचा जोड सुटतो. त्यामुळे अरल्डाइट लावायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे घासताना निघणारी ॲल्युमिनियमची करडी भुकटी फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते. हळदूसारख्या पिवळ्या लाकडावर ती मेलेल्या चामडीसारखी दिसते. शिसवीत ती खपून जाते. म्हणून धातू घालायचा तर गडद लाकडातच.

रंगासाठी मी लाखेकडे वळलो ते सावंतवाडीमुळे. चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी घ्यायला पर्यटक जातात, मी लेथ कुठे चालू दिसतोय ते शोधत हिंडलो. लाखेचं काम कर्नाटकात चन्नपट्टणलाही चालतं, तिथली खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाची. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि मग केवड्याच्या पानाने घासलं की झळाळी येते. पेनावर मी याचे बारीक पट्टे दिले, फिकट लाकडावर लाल आणि हिरवे. पट्टा देण्याआधी तिरक्या पटाशीच्या टोकाने दोन्ही कडांना केसाएवढी खाच मारायची, म्हणजे लाख तिथेच थांबते. ही खाच मारताना हात जरा जड पडला की खाली पितळ लुकलुकतं. तेव्हा पुन्हा तो अर्धा मिलिमीटर! लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे असं पेन मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हे मी डबीबरोबर लिहूनच देतो.

फिनिशबद्दल माझं मत जरा तिरसट आहे. हल्ली सर्रास फेव्हिक्विकच्या जातीचा पातळ गोंद लाकडावर थरावर थर देऊन चढवतात आणि बारीक पॅडने घासून आरशासारखा चमकवतात. टिकतं उत्तम, घाम, शाई कशाचा डाग पडत नाही. पण बोटाला लागतं ते प्लॅस्टिक. मग लाकडाचा आटापिटा केला कशाला? मी चपडी लाखेचं हलकं पॉलिश देतो. वापराने ते झिजतं, जिथे बोटं टेकतात तिथे आधी. झिजू दे.

फाउंटन पेनच्या वाटेला मी अजून पुरता गेलेलो नाही. लाकूड शाईने फुगतं, त्यामुळे बोटं धरायचा भाग आणि आटे एबोनाइटचे करावे लागतात. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून टणक केलेलं रबर. कातायला लोण्यासारखं, पण गॅलरीभर गंधकाचा वास सुटतो आणि घरातून हाक येते, ‘अहो, काय जळतंय?’ राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी 1930च्या दशकात स्वदेशी म्हणून हातांनी जी पेनं घडवली त्यांची कीर्ती या एबोनाइटचीच. ते काम पाहिलं की आपण संच विकत आणून वर साल चढवतो याची थोडी लाज वाटते.

आतापर्यंत केलेल्या वेगळ्या पेनांत मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो नक्षी नसलेल्या एका पेनाने. ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. संधिवाताने बोटांचे सांधे सुजलेले. म्हणाल्या, ‘भाऊ, बारीक पेन धरवत नाही. जाड करून द्या. आणि हे लाकूड वापरा.’ पिशवीतून त्यांनी पाडलेल्या वाड्याच्या सागवानी चौकटीचा तुकडा काढला. त्यात खिळ्याची काळी भोकं होती. ‘भोकं बुजवू का, बाई?’ ‘राहू द्यात.’

जाड म्हणजे किती? आकडा त्यांनाही सांगता येईना. मी पेन्सिलीभोवती शाडूचा गोळा लावला आणि त्यांना चार ओळी लिहायला लावल्या. बोटांनी शाडू दाबला गेला, त्याची मापं घेतली. जाडी 13 मिलिमीटरच्या आसपास, आणि घडण गोल नव्हे, तिकोनी. बोटं तीन बाजूंनी टेकतात, तेव्हा तसंच व्हायचं. पण लेथ गोलाशिवाय दुसरं काही देत नाही. स्लिमलाइनमधली मधली कडी काढून टाकली, खालचा भाग पोटाशी फुगवला, टोकाकडे मात्र नेहमीच्या 8.3ला उतरवला. पोटाशी नळीभोवती 3 मिलिमीटर लाकूड होतं. इतकी श्रीमंती मला पेनात कधी मिळाली नव्हती. लेथ बंद केला, कागदी पट्टी गुंडाळून तिचे तीन समान भाग पाडले आणि कानशीने तीन सपाट पाट घासले, प्रत्येक पाट थोडा थोडा, पाळीपाळीने.

मग एक अडचण उरली. या पेनाचा वरचा भाग पिळला की रिफिल बाहेर येते. सागाच्या रेषा दोन्ही भागांत जुळवायच्या त्या कुठल्या स्थितीत? पेन खिशात असताना की लिहिताना? मी लिहितानाच्या जुळवल्या. बंद असताना रेषा तुटलेल्या दिसतात, दिसू देत.

बाईंनी सही करून पाहिली, दोन-तीन ओळी लिहिल्या, पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि म्हणाल्या, ‘घरंगळत नाही की हो. मला खाली वाकवतच नाही हल्ली.’

ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता मागणी आली की मी आधी शाडू काढतो. बरेचजण कंटाळतात, म्हणतात, तुम्ही आपली ती गाठीची नक्षी करून द्या. तीही करून देतो. पैसे तिचेच जास्त मिळतात.