काही दुखत नसताना

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एखादी ‘इंटरेस्टिंग केस’ आली की वॉर्डात लगबग सुरू होते. कधी न पाहिलेली गाठ, पुस्तकात एका ओळीत उरकलेला आजार. शिकाऊ डॉक्टर खाटेभोवती गोळा होतात. परंडा-भूमकडच्या गावांत मी कर्करोगाच्या नोंदी घेत हिंडले. तिथं मला सगळ्यात दुर्मीळ वाटली ती काही दुखत नसताना तपासायला आलेली बाई.

मुंबईत कर्करोगाची नोंदणी 1963 पासून आहे. खेड्यातली देशातली पहिली नोंदणी 1987 ला बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम असे तीन तालुके, साडेतीनशेच्या आसपास गावं. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या फायलींवर चालते. इथं पुष्कळदा फाईलच नसायची. बाई दुखणं अंगावर काढायची, घरातच जायची, आणि कारणाच्या रकान्यात कुणीतरी ‘वार्धक्य’ लिहून मोकळं व्हायचं. म्हणून गावात जाऊन विचारणं हाच नोंदणीचा पाया झाला.

विचारण्यातच सगळं कसब आहे. पारावर “कुणाला कॅन्सर आहे का?” म्हटलं की सगळे नाही म्हणणार. घरात जावं लागतं, चुलीपुढं बसावं लागतं. सुना समोर असल्या की सासू तोंड उघडत नाही. सून चहाचं बघायला उठली की ती जवळ सरकते. “ताई, पाळी जाऊन चार वर्सं झाली, आन् आता पुन्यांदा दिसायलंय. कुनाला सांगू नगा.” एवढ्या एका वाक्यासाठी आधी अर्धा तास पाऊसपाणी, लेकींची लग्नं, गुडघेदुखी असं सगळं बोलून व्हावं लागतं. त्या वेळी वही पिशवीतच राहिलेली बरी.

वय विचारलं तर “आसंल पन्नास-साठ” असं उत्तर येतं. मग मी बहात्तरच्या दुष्काळापाशी जाते. मावशी, खडी फोडायला जात होता का? तेव्हा पदरात किती पोरं होती? म्हाताऱ्या आजीसाठी त्याहून मागं, रझाकारांच्या धामधुमीपर्यंत जावं लागतं. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

नावाचा घोळ याहून अवघड. नवऱ्यानं बार्शीला नेलं तर कागदावर सासरचं नाव, भावानं सोलापूरला नेलं तर माहेरचं. दोन कागद, दोन आडनावं, बाई एकच. ती दोनदा मोजली गेली तर आकडा फुगतो. माहेरी जाऊन वारली आणि कुणी विचारलंच नाही, तर ती हिशेबातून निसटते. संशोधनातला आकडा आधी कुणाच्या तरी ओसरीवर बसून जमवलेला असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

परंडा-भूमच्याच जिल्ह्यात 1999 ला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघं त्यात होते. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका. गावांचे 52 समूह, त्यांचे चार गट. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे या आजारामागच्या विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप, म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते बघायचं. “मला काय झालंय म्हून तपासायचं?” हा प्रश्न दारोदार ऐकला. त्याचं उत्तर देण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, आणि ती सार्थकी लागली असं मी मानते.

चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. नेहमीचे उपचार तेवढे त्यांच्या वाट्याला.

निष्कर्ष 2009 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 जणी या आजारानं गेल्या. तपासणी न झालेल्या 31,488 पैकी 64. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. एकदाच केलेली एक चाचणी मृत्यू निम्म्यावर आणते, हे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांमुळं जगाला कळलं.

पण त्या 64 जणींवरून माझं मन पुढं सरकत नाही. चौथ्या गटावर पुढं देशात आणि बाहेरही टीका झाली. तुलनेसाठी असा गट लागतो, हे शास्त्र मला कळतं. तरीही आजार वेळेत शोधता येतो हे ठाऊक असताना तपासणीविना गट ठेवणं मला पटलेलं नाही, आणि निष्कर्ष कितीही मोलाचा असला तरी ते पटणार नाही. अशा घरात मृत्यूची विचारपूस करायला गेलं की लेक विचारते, “आईला का नाय तपासलं?” गटांची वाटणी तिला कोणत्या शब्दांत सांगायची?

जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला देते. आपल्याकडच्या 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी मात्र आरोग्य केंद्रांसाठी व्हीआयए धरली. त्या चौथ्या गटातल्या बायकांच्या बऱ्याच लेकी आता तिशी-चाळिशीत आहेत. परंड्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांना एचपीव्हीची चाचणी फुकट मिळायला हवी, आणि ती करून घ्या म्हणून सांगायला कुणीतरी त्यांच्या दारापर्यंत जायला हवं.