तीन सुलट, तीन उलट

पहिली शाल मी ऐन फेब्रुवारीत विणायला घेतली, जांभळ्या लोकरीची. साताऱ्यात तेव्हा पहाटे स्वेटर लागतो. ती पूर्ण होऊन मिरजेच्या वॉर्डात पोचेपर्यंत एप्रिल उजाडेल आणि तिथला पारा चाळिशीकडे निघालेला असेल, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही. जिला ती दिली, तिनं ‘छान आहे हो’ म्हणून घडी उशाला ठेवली आणि सुनेला पंखा वाढवायला सांगितलं.

प्रार्थना-शालीची कल्पना परदेशी. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये १९९८ साली जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी ती सुरू केली. आजारी किंवा दुःखी माणसासाठी प्रार्थना करत शाल विणायची आणि त्याला द्यायची. तीन टाके सुलट, तीन उलट. तीनाचा आकडा ख्रिस्ती त्रैक्यासाठी. भाचीनं तिकडून नमुना पाठवला आणि मी तो आमच्या महिला मंडळापुढे मांडला. निवृत्त शिक्षिकेचा आवाज असला की सभेत फारसं कुणी आडवं येत नाही. पेशंटला शाल हवी आहे का, हे कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला तो याच साताऱ्यात. ख्रिस्ती भक्तीला इथल्या मातीचं रूप यावं ही त्यांची तळमळ. आणि त्याच गावात बसून आम्ही कनेक्टिकटचा नमुना टाक्याला टाका लावून उतरवत होतो, त्रैक्य मोडायला नको म्हणून.

विणताना प्रार्थना करायची हा मुख्य नियम. तो आम्ही सुरुवातीची काही मिनिटं पाळायचो. मग क्वायरमध्ये पुढे कुणाला उभं केलं, कुणाच्या मुलानं मंडळीबाहेर लग्न ठरवलं, यात ओळी सरायच्या. एकदा एका बाईबद्दल यथेच्छ वाईट बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हातातली शाल तिच्याच जावेसाठी होती. उसवायला हवी होती. दिली तशीच.

मिरजेचं नाव कसं निघालं ते सांगते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून दुखणं घेऊन मिरजेला जायची वाट रुळलेली आहे. पलीकडच्या कर्नाटकातूनही माणसं येतात. माझी बहीण सांगलीला असते, तिच्या मंडळीतल्या बायका सोबत यायला तयार झाल्या. आम्ही जात होतो ते रुग्णालय निराळं, तेव्हा पुढचं सगळं माझ्याच खात्यावर.

तिथे अथणीकडच्या एक आजी होत्या. मी शाल त्यांच्या खांद्यावरून गळ्यापर्यंत नीट पांघरली. आम्ही तिघी खाटेभोवती उभ्या राहिलो, डोळे मिटले, आणि मी मोठ्यानं मराठीत प्रार्थना केली. आजींना कन्नडच येत होतं. डोळे उघडले तर त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझाही गळा दाटून आला. तेवढ्यात त्यांचा मुलगा मला व्हरांड्यात घेऊन गेला.

“बाई, डॉक्टरांनी तुमाला काही सांगितलंय काय? आमाला कोण काय सांगत नाही.”

आजी पित्ताशयातल्या खड्यांसाठी आल्या होत्या. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, एक-दोन दिवसांत घरी जायचं होतं. अनोळखी बायका येतात, अंगावर शाल घालतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात, याचा एकच अर्थ त्यांना लागला होता. मुलाची समजूत घालता घालता मला घाम फुटला. तरी रविवारी मंडळीत साक्ष देताना मी फक्त अश्रूंचं सांगितलं. व्हरांडा गाळला. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं, आणि लोकरीसाठी देणगीही दिली. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या रविवारची.

केमो घेणाऱ्या एका तरुण मुलीला मी ट्रंकेतली शाल काढून दिली. ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. केमोच्या दिवसांत साधा फोडणीचा वाससुद्धा पोट ढवळून काढतो, हे माझ्या घरात पाहिलेलं असूनही विसरले होते. पुढचं लिहीत नाही.

जतकडच्या धनगर आजींनी मात्र माझी परीक्षाच घेतली. शालीचं टोक त्यांनी दोन बोटांत धरून चोळलं.

“ही मेंढराची न्हाई.”

“लोकरीचीच आहे, आजी.”

“पलाष्टिक हाय.”

त्यांचं बरोबर होतं. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. घाम टिपत नाही, आणि गरम पाण्यात बसली की पोत बिघडतो. आजींच्या उशाला त्यांचं काळं घोंगडं होतं, चिंचोक्याची खळ दिलेलं, कडक. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत मेंढरं आमच्याच दोन जिल्ह्यांत चरतात, आणि मी मेंढपाळाच्या आजीला लोकर शिकवायला निघाले होते. (त्या राठ लोकरीची शाल पेशंटच्या अंगाला टोचलीच असती, हेही खरं.)

फोटोही काढायचो. आमच्याकडे शाल आणि श्रीफळ दिलं की कॅमेऱ्याकडे बघायचं, ही सवय हाडात मुरलेली. हाताला सलाईन लावलेली बाई, खांद्यावर शाल, दोन्ही बाजूंना आम्ही हसऱ्या. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरच म्हणाल्या, “मावशी, जाळीदार विणीत सुई अडकते. आणि पुढच्या वेळी आधी मला विचारा, मी त्यांना विचारते.”

मला वाईट वाटलं, रागही आला. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतल्या टबीथाचा दाखला मी मंडळात कितीदा दिला असेल. पण तिनं शिवलेले कपडे ज्या विधवा रडत रडत पेत्राला दाखवतात, त्यांच्यात ती राहत होती. कुणाला काय कमी आहे हे तिला दिसत असणार. मी शाल घेऊन एस.टी.नं जात होते.

सिस्टरनं विचारलं तेव्हा मागण्या आल्या त्या अशा: केस गेलेल्या डोक्यासाठी मऊ सुती टोपी, आणि पाठीखाली घालायला वाकळ. रेक्झीनच्या गादीवर उन्हाळ्यात पाठ चिकटते, सोलवटते. जुन्या लुगड्यांची, धुवून धुवून मऊ झालेली, पातळ वाकळ घातली की माणूस झोपतो. वाकळ शिवणं बहिणीकडच्या बायकांच्या हातचा मळ. माझा धावदोरा वाकडा जातो, त्यांनी मला दोरे ओवायला बसवलं. उरलेल्या शाली कापणीच्या सणाच्या लिलावात काढल्या. बोली बरी लागली, त्या पैशांत मलमलीचा तागा आला.

आता मागणीची वही सिस्टरकडेच असते. काय हवं, कुणासाठी, प्रार्थना केलेली चालेल का, असे रकाने आहेत. पुष्कळ जण काहीच नको म्हणतात. त्यांचाही एक रकाना आहे. मंडळाच्या सेक्रेटरींना वार्षिक अहवालासाठी आकडे हवे असतात, आणि ‘नको’चा रकाना अहवालात छापायचा की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.