दाराचं कापड



जोधपूरला आलो तेव्हा आमची मारुती ८०० नऊ वर्षांची होती. २००४चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेलं. इंजिनाची मला कधीच काळजी नव्हती, ईएमईतला माणूस मी. पण मारवाडच्या उन्हात उभ्या गाडीत भट्टी पेटते आणि त्या भट्टीने चारही दारांच्या आतलं कापड सोडवलं. आधी कोपरे सुटले, मग मधे पोटासारखे फुगे आले. सौ. म्हणाल्या, "अहो, पाहुणे बसले की त्यांच्या कोपराला चिकटतं ते."

सीटकव्हरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी घरीच करायचं ठरवलं. वर्कशॉपमध्ये आमचे एक सिव्हिलियन अपहोल्स्टर होते, जीपच्या सीटा शिवण्यात हयात गेलेली. त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या. एक, गोंद सकाळी आठच्या आत लावायचा, नंतर तो ब्रशवरच वाळतो. दुसरी, ३ एमएमच्या हार्डबोर्डला लहानच स्टेपल पिन, मोठी मारलीस तर पुढून बाहेर येऊन तुझीच मांडी फाडेल.

कापड घरातच होतं. फौजी घरात पडद्यांची एक पेटी असतेच. अंबाल्याला असताना पानिपतहून घेतलेलं हातमागाचं जाड, विटकरी रंगाचं कापड. तिथल्या उंच खिडक्यांसाठी शिवलेले पडदे पुढच्या क्वार्टरला लांब झाले म्हणून कापले, त्याच्या पुढच्या क्वार्टरला रुंदीला कमी पडले म्हणून जोडले. जोधपुरात ते कुठल्याच खिडकीला बसेनात.

रविवारी पहाटे पाचला सुरुवात केली. दार उघडायला सगळ्यात त्रास देतं ते काच वरखाली करायचं हँडल. त्याच्या मागे घोड्याच्या नालासारखी एक क्लिप असते. सुताची चिंधी हँडलच्या मागून घालायची आणि बुटाला पॉलिश करताना ओढतो तशी इकडून तिकडे ओढायची, क्लिप टुणकन उडते. वरून टॉवेल धरावा. मी धरला नाही, एक क्लिप कूलरखाली गेली ती संध्याकाळी सापडली. मग आर्मरेस्टचे स्क्रू काढायचे आणि कडेच्या प्लास्टिक क्लिपा रुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक करून उचलायच्या. जोराने ओढलं की क्लिप दारातच राहते आणि हार्डबोर्डचं भोक फाटतं.

दाराच्या पत्र्यावर आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फेकू नका. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तोच अडवतो. आमच्या उजव्या पुढच्या दाराचा कुणीतरी पूर्वी फाडला होता, तिथला हार्डबोर्ड खालून पापडासारखा फुगला होता. तो मांडून नवा आखून कापला.

पातळ कापडातून गोंद वर येऊन डाग पडतात, म्हणून मधे पातळ फोम हवा. एसआर ९९८ दोन्ही बाजूंना लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेल पण ओढला जाणार नाही अशा बेताला दाबायचं. मधून कडेकडे. दीड-दोन इंच कापड मागे वळवायचं आणि गोलाईवर कात्रीने लहान चिरा द्यायच्या, नाहीतर चुण्या पडतात. हे सगळं नीट केलं आणि मागच्या दोन्ही दारांची कापडं एकाच बाजूवर ठेवून कापली. दोन्ही उजवी! स्टोअरमधून दोन्ही उजव्या पायाचे बूट मिळावेत तसं. जादा कापड नव्हतं. सौ. शिवणयंत्र काढून तुकडा जोडायला बसल्या.

मी तोवर डाव्या मागच्या दाराचं जुनं कापड सोलत होतो. फोमवर हाताएवढा तपकिरी डाग. म्हटलं, "पोराने इथे चहा कधी सांडला?"

यंत्र थांबलं. "चहा नाही तो."

२०१०च्या जानेवारीत मी तंगधारला होतो. साधना पास बर्फाने बंद, फोन लागला तर लागला. कुटुंब जबलपूरला सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. तेव्हा फोनवर मला कळलं ते एवढंच, की पोरगा झोक्यावरून पडला, थोडं लागलंय. रजेवर आलो तेव्हा कपाळावर सात टाक्यांचा व्रण पाहिला, झालं. आता, तीन वर्षांनी, त्या सांगत होत्या. रात्रीचे आठ, शेजारी कुणी नाही. लायसन मिळून तीन आठवडे झालेले. पोराला मागे आडवं केलं, कपाळाला टॉवेल. तो दाराला डोकं टेकून रडत होता. "एमएचपर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये नेली. तिसरा टाकायचं सुचलंच नाही. क्लचवरचा पाय काढला तर गाडी बंद पडेल असं वाटत होतं."

क्लच.

त्याच रजेत मला क्लच प्लेट जळालेली सापडली होती. शेजारच्या सुभेदार साहेबांसमोर मी त्यांना अर्धा तास शिकवलं होतं, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याने गाडी चालवूच नये म्हणून. हसूनही घेतलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही परत वरच जाणार होता ना," म्हणाल्या आणि यंत्र सुरू केलं.

फोम खरवडून काढला. हार्डबोर्डवरही डाग उतरला होता. बोर्ड चांगला होता, बदलायची गरज नव्हती. त्यावरच नवा फोम आणि पडदा चढवला. जोड आर्मरेस्टच्या खाली आला, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या रविवारी मंडोरला गेलो. चावी मी त्यांच्या हातात दिली. चौथ्या गिअरपर्यंत गाडी छान गेली. क्लचवर पाय होता की नव्हता, मी खाली पाहिलं नाही.