चर्चच्या आवारातील दुचाक्या

आम्ही पुण्यात सेमिनरीत शिकत होतो तेव्हा, म्हणजे १९९० च्या सुमारास, नगर रस्त्यावरून डेक्कनपर्यंत सायकलीने जाण्यात कुणालाच विशेष वाटत नसे. पोचलो की सायकल भिंतीला टेकवायची. तिलाही जागा लागते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आज ज्या धर्मग्रामात आम्ही सेवा करतो, तेथे चर्चच्या भिंतीपलीकडे एक मोठे महाविद्यालय आहे, आणि जागेचा विचार केल्यावाचून आमचा एक दिवस जात नाही.

सकाळची मिस्सा आटोपून श्रद्धावंत पांगतात न पांगतात तोच दुचाक्या आत येऊ लागतात. मुले सौजन्यशील आहेत. मरियामातेच्या ग्रोटोपुढे हात जोडतात आणि नेमकी तिच्याच पुढ्यात गाडी लावून वर्गाकडे पळतात. फाटकावर पाटी आहे; ती वाचली जाते असे मानण्यास आधार नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत धर्मग्रामातील एका वृद्ध मातेचा अंत्यविधी होता. शववाहिका फाटकातच अडली. वाटेत आठ-दहा गाड्या, त्यांतल्या बहुतेक हँडल लॉक केलेल्या. अशी गाडी ढकलता येत नाही, उचलावीच लागते. मृत बाईंचे दोन जावई आणि उपासनेची वस्त्रे सावरीत आम्ही, अशा तिघांनी काही वेळ ते काम केले. मग ते सोडून शवपेटी फाटकापासूनच खांद्यावर घेतली. त्या माउलीची लेक तेव्हा काहीच बोलली नाही. ती काही बोलली असती तर आम्हांला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही रखवालदाराकडून फाटकाला कुलूप लावून घेतले आणि संध्याकाळच्या जपमाळेपर्यंत ते काढायचे नाही, असे बजावले. मुलांना धडा शिकवावा हाच हेतू होता. तो लपवण्यात अर्थ नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी रागाविषयी इतरांना आम्ही पुष्कळ सांगत असतो.

वामकुक्षी आटोपून चारच्या सुमारास खाली उतरलो. बाकीची मुले गलका करून केव्हाच बसने गेली होती. एक मात्र पायरीवर बसून होता. शेजारी घरोघरी जेवण पोचवणारी मुले पाठीवर घेतात ती चौकोनी पिशवी. दुपारी बारा ते रात्री नऊ तो हे काम करतो आणि त्यातूनच महाविद्यालयाचे शुल्क व खोलीचे भाडे भरतो, असे चौकशीअंती कळले.

“मग रखवालदाराला सांगितले का नाहीस?” आम्ही विचारले.

“गाडी चुकीच्या जागी होती, फादर. काय सांगणार?”

कुलूप लगेच काढले. परंतु दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती आणि तिच्याबरोबर त्याची निम्मी कमाई. आम्ही पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. तो रात्री जेवला की नाही, हा विचार आम्हांला जेवताना सुचला.

त्या आठवड्यात आम्ही पलीकडच्या आवारात जाऊन आलो. जुन्या मैदानावर इमारती उभ्या आहेत. उरलेली जागा प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांची. विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक पत्र्याची शेड. एका दुचाकीला साधारण एक मीटर रुंद व दोन मीटर लांब जागा लागते. पाचशे गाड्यांना हजार चौरस मीटर, आणि जाण्यायेण्याची वाट निराळी. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या ताब्यात ४११ एकर आहेत. दाट वस्तीतल्या महाविद्यालयाला ती चैन कोठली?

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे, २०२५ साली निवर्तलेले डॉनल्ड शूप यांनी २००५ मध्ये ह्याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. गाडी लावण्याची फुकट जागा खरोखर फुकट नसते, ज्यांच्याकडे गाडी नाही तेही तिची किंमत आडवाटेने भरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते पटते. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांनी ती किंमत भरलीच होती! मात्र जागेला योग्य भाडे आकारा, हा त्यांचा उपाय त्या पायरीवरच्या मुलाला सांगताना आमची जीभ अडखळली असती. पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लाउदातो सी’ ह्या २०१५ च्या परिपत्रकात, १५३व्या परिच्छेदात, शहरे विद्रूप करणाऱ्या वाहनतळांचा उल्लेख केला आहे आणि सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याची गरजही मांडली आहे. पुण्यात २०२२ साली मेट्रो सुरू झाली, तिच्या एका स्थानकाला महाविद्यालयाचेच नाव आहे. काही मुले आता तिने येतात. परंतु गाडी हेच ज्याचे पोट आहे, त्याने ती घरी ठेवून यावे असे कोणी म्हणावे?

विषय धर्मग्राम परिषदेपुढे ठेवला. चर्चा तापली. “आज दिलेली जागा उद्या हक्काने मागतील,” असे एक सभासद म्हणाले. एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “फादर, मरण काही वेळापत्रक पाहून येत नाही.” दोघांचेही खरे होते. अखेर एका वर्षापुरते ठरले : मागच्या भिंतीलगत चाळीस गाड्या, चुन्याच्या रेषा, काम करून शिकणाऱ्यांना प्रथम जागा, हँडल लॉक करायचे नाही, फाटकापासून दारापर्यंतची वाट मोकळी. शुल्क नाही. रविवारी व सणाला आवार केवळ श्रद्धावंतांसाठी.

चाळीस जागांसाठी एकशे बारा अर्ज आले. बहात्तर जणांना नाही म्हणण्याचे काम आमच्याकडे आले, आणि त्यांतले काही आजही पदपथावर गाड्या लावतात व त्या उचलल्या जातात. तो मुलगा सातव्या रेषेत असतो. मृत बाईंच्या लेकीकडे आम्ही दोनदा जाऊन आलो; दुसऱ्या वेळी तिने चहा केला.

वर्ष आता संपत आले आहे आणि विषय पुन्हा परिषदेपुढे यायचा आहे. दरम्यान मागच्या रविवारी एका आजीबाईंची चाकांची खुर्ची दारापर्यंत नेता आली नाही. वाटेत तीन मोटारी होत्या, तिन्ही आमच्याच श्रद्धावंतांच्या. त्यांतली एक परिषदेच्या सभासदाची.